मधलं रीळ

सोनकुलच्या कुरणावर सिनेमाची गाडी वर्षातून एकदाच यायची,
शिंगरांची मोजदाद संपली की.
त्या वर्षी आली ती एक रीळ खालच्या कुरणावर विसरून.
मधलंच आहे, ऑपरेटर झापार म्हणाला,
गाणी सगळी शाबूत आहेत, मग काय बिघडतं?

नमद्याच्या दोन तंबूंमध्ये चादर ताणली.
वारा आला की पडद्यावरची नदी खरोखरच हलायची.

हिंदुस्थानातला सिनेमा. एक नावाडी, एक धक्क्यावरचा तिकीटबाबू,
लहानपणापासून एका ताटात जेवलेले.
बाबूच्या पेटीतले पैसे नाहीसे होतात,
आणि तिथेच तुटलं.
नुसता पांढरा उजेड, त्यात पाकोळ्या.
मग एकदम तुरुंगाचं दार, आणि आत नावाडी.

घेतले कोणी?
मेंढपाळ म्हणाले, नावाड्यानंच, गरीब होता ना.
शाळेच्या बाई म्हणाल्या, छे, डोळे बघा त्याचे.
मी काहीच बोलले नाही.

रशियनमध्ये एकच माणूस सगळ्यांचं बोलत होता,
आईचं, फौजदाराचं, नायिकेचंसुद्धा,
सर्दी झाल्यासारख्या एकाच आवाजात.
गाणं लागलं की मात्र तो गप्प.
गाण्यात एक शब्द फिरून फिरून यायचा: दोस्त.
आम्ही म्हणतो, दोस.
शेवटचा त तेवढा
डोंगर ओलांडताना कुठेतरी गळून पडला असणार.

बाबू गजांतून हात घालून नावाड्याचा चेहरा चाचपतो
तेव्हा अख्खं कुरण रडलं.
झापारनंही बाहीनं नाक पुसलं, आणि त्यानं तो सिनेमा
तोवर अकरा वेळा दाखवला होता.
माझं तर थांबेचना.
आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून
उरुमकान घोरत होती.

दिवसातून सहा वेळा बावीस घोड्यांचं दूध काढणारी बाई,
काळोख झाला की झोपणारच.
तिच्या केसांना किमिझचा आंबूस वास.
तो वास घेत मी पडद्याकडे बघत राहिले
आणि मला आमचं रीळ दिसायला लागलं.

तीन उन्हाळ्यांपूर्वी
साय काढायच्या यंत्राची कडी न आवळता
मी ओढ्यावर पळाले होते, कुबातला भेटायला.
(तोच कुबात. आता माझ्या मुलांचा बाप,
चादरीपलीकडे बसून तोही रडत होता.)
मागे यंत्राचा डबा उडाला, तंबूची काठी मोडली,
चाळीस बादल्यांची साय गवतात.
तपासणीला माणसं आली. पाळी कोणाची?
माझी, उरुमकान म्हणाली.
सकाळी दाढ दुखते म्हणावं, तशी.

तिचा तीन महिन्यांचा पगार कापला.
कचेरीबाहेरच्या सन्मानफलकावरून फोटो उतरवला.
खिळे तसेच राहिले,
आणि पुढच्या वसंतात त्याच चार खिळ्यांवर
माझा फोटो लागला.
ती बघायला आली होती. म्हणाली,
ओढणी जरा वाकडी आलीय तुझी.

एवढंच. ना गाणं, ना गज, ना पाऊस.
मला रडवायला सहा हजार कोसांवरून
कुणीतरी नदी पाठवावी लागली,
आणि जिच्यासाठी रडायचं
तिच्या डोक्यानं माझा खांदा बधिर झाला होता.
मी हलवला नाही.
तीन वर्षांत तिच्यासाठी केलेलं पहिलं काम ते,
आणि तेही तिला कळलं नाही.

सकाळी दावणीपाशी मी ठरवून गेले होते.
सांगणारच होते, की आज कचेरीत जाते,
फोटो स्वतःच्या हातानं काढते.
तीच आधी बोलली. काय झालं गं शेवटी?
सुटतो, मी म्हटलं.
आणि पैसे? कोणी घेतले होते?
ते रीळच नव्हतं, मी म्हटलं, पण उरुमकान...

तिनं बादली गुडघ्यावर टेकवली,
क्षणभर माझ्याकडे बघितलं.
बरं झालं नव्हतं ते, म्हणाली.
शिंगरू धर नीट, घोडी पान्हा चोरतेय.

मी धरलं.
त्याच्या ओल्या मानेत तोंड खुपसून,
दूध बादलीत वाजायला लागेपर्यंत.